खळग्याची वेळ

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मला कळलं की चूक माझी आहे, आणि साडेअकराला कळलं की खोटेपणा शिंपीकाकांचा आहे. मधला अर्धा तास मी तशी सुखात होते. स्वतःची चूक सापडली की मला जरा बरंच वाटतं. कुणाशी भांडायचं नसतं, फक्त माफीचं पत्र लिहायचं असतं, आणि माफीची पत्रं लिहिण्यात आमच्या संस्थेत माझा हात कुणी धरणार नाही. एका मोठ्या वेधशाळेकडून चार ओळींचा मेल आला होता: तुमच्या यादीतल्या एकोणिसाव्या ताऱ्याची वेळ सव्वातीन तासांनी चुकली आहे, ग्रह आम्हाला बराच उशिरा मिळाला, कृपया तपासावे. तपासलं. गेल्या वर्षीच्या यादीतली ओळ उचलून मी तशीच चिकटवली होती. ग्रहाच्या एका फेरीला लागणारा काळ फार बारीक आकड्यापर्यंत लिहावा लागतो. तो आकडा मध्यंतरी सुधारला गेला, तो मी घेतलाच नव्हता. एका फेरीत पाव मिनिटाचा फरक, पण फेऱ्या मोजत पुढे आलं की त्याचे तास होतात. आळस, दुसरं काय. मी चहा मागवला, माफीच्या पत्राला चांगली सुरुवात केली, आणि मग सहज म्हणून, त्या रात्री आपल्यापैकी कुणी कुणी त्या ताऱ्यामागे रात्र फुकट घालवली ते पाहावं म्हणून आलेल्या फायली उघडल्या.

आपल्यापैकी म्हणजे माझ्या तीनशे लोकांपैकी. माझं काम विचारलं तर मला अजूनही नीट सांगता येत नाही. नवरा लोकांना सांगतो की ही परग्रहांवरच्या गाड्यांचं वेळापत्रक काढते, आणि लोक हसतात, पण ते फारसं चूक नाही. दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह फिरतात. त्यातला एखादा आपल्या आणि ताऱ्याच्या मधून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड शंभरात एखादा भाग कमी होतो, दोनतीन तास तसा राहतो, मग पुन्हा पहिल्यासारखा. मोठ्या दुर्बिणींना प्रत्येक वेळी प्रत्येक ग्रहाकडे बघायला सवड नसते. म्हणून बाल्कनीत, गच्चीवर, परसात स्वतःच्या छोट्या दुर्बिणी लावून बसणारी हौशी माणसं आम्ही गोळा केली आहेत. बसचालक, दंतवैद्य, एक निवृत्त न्यायाधीश, दोन नर्सबाया. दर महिन्याला मी त्यांना यादी पाठवते: अमुक तारा, अमुक रात्र, अमुक वेळ. ते रात्रभर ताऱ्याचे फोटो काढतात, त्यातून उजेड मोजतात आणि ठिपक्यांची एक ओळ मला पाठवतात. ग्रह कुणालाच दिसत नाही, मलाही नाही, मोठ्या वेधशाळेलाही नाही. त्या ओळीत मध्येच एक उथळ खळगा पडतो, तो आमचा ग्रह. मी स्वतः दुर्बिणीला डोळा लावून किती वर्षं झाली ते आठवत नाही. मी दहा ते पाचवाली बाई आहे, माझ्या खिडकीतून पार्किंग दिसतं.

त्या रात्री त्या ताऱ्याकडे चौघांनी पाहिलं होतं. दोघांकडे ढग. नर्सबाईंनी ड्यूटी आल्यामुळे मध्येच सोडून दिलं. चौथी फाइल शिंपीकाकांची, आणि त्यात खळगा होता. त्याचा मध्य बरोबर रात्री नऊ चाळीसला, मी यादीत लिहिलं होतं तिथं. काठ गोल, तळ सपाट, पुस्तकात छापावा असा. माझी पहिली भावना, खोटं कशाला बोलू, कौतुकाची होती. काकांचं काम नेहमीच असं असतं. मग हातातला कप तसाच राहिला. नऊ चाळीसला तिथं काही नव्हतं. नऊ चाळीसला तो ग्रह ताऱ्याच्या बाजूला कुठंतरी होता, ताऱ्याच्या मधोमध यायला त्याला अजून सव्वातीन तास होते. जे झालंच नव्हतं ते या माणसाला दिसलं होतं, तेही माझ्या चुकीच्या ठरावीक मिनिटाला. मी फाइल बंद करून पुन्हा उघडली. फाइल बंद करून उघडल्यानं काही बदलत नाही हे मला कळतं, तरी चार वेळा केलं.

काकांना मी सहा वर्षं ओळखते, म्हणजे त्यांचे मेल ओळखते, आणि वर्षातून एकदा संस्थेच्या सभेत भेटतात तेव्हा मागच्या रांगेत बसलेला एक ताठ म्हातारा. सगळं आयुष्य पुरुषांचे सूट शिवले, दुकान पुतण्याकडे दिलं आणि एकसष्टाव्या वर्षी दुर्बीण घेतली. दोनशे बारा निरीक्षणं. तीनशे लोकांत दुसरा कुणी शंभराच्या पुढे गेलेला नाही. आमचा सहा वर्षांचा शोधनिबंध त्या महिन्यात छापायला जायचा होता, त्यात त्यांचं नाव होतं, आणि त्यांनी मला एकदाच काहीतरी मागितलं होतं: नाव पूर्ण लिहाल का, नुसतं आद्याक्षर नको. मी फाइल घेऊन संचालकबाईंकडे गेले. न जाऊन सांगते कुणाला? मोठ्या वेधशाळेला माझी चूक कळलेली होतीच, आज ना उद्या कुणीतरी दोन आणि दोन चार केलेच असते. बाईंनी फाइल पाहिली, चष्मा काढला, डोळे चोळले. त्या वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "एक सापडलं म्हणजे दोनशे बाराही गेली. नाव काढ आणि पत्र पाठव." नियम तसाच आहे. बनावट निरीक्षण आढळल्यास सदर निरीक्षकाची सर्व निरीक्षणे रद्द समजली जातील व त्यास पुढे सहभागी होता येणार नाही. नियम मीच लिहिलेला आहे, त्यातला तो 'सदर'सुद्धा माझा.

पत्र लिहायला बसले आणि 'आपणांस कळविण्यात येते की' याच्या पुढे जाईना. पाच वाजले, सव्वापाच वाजले. घरी चालत गेले, म्हणजे उशीर होईल आणि डोकं शांत होईल. झालं उलटंच. प्रत्येक चौकात मी काकांना चोर ठरवत होते आणि पुढच्या चौकापर्यंत सोडून देत होते. दुर्बीण मोडली असेल, सांगायची लाज वाटली असेल. डोळे गेले असतील. एकदा खोटं जमलं म्हणून मग सवय लागली असेल. मला राग येत होता, आणि तो राग त्यांनी फसवलं याचा नव्हता. त्यांनी आणखी चांगलं का फसवलं नाही याचा होता. जरा चुकून दिसू द्यायचं होतं, जरा वाकडंतिकडं. इतकं तंतोतंत कुणी करतं का? आणि हे मला कसं माहीत, की तंतोतंत करू नये? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. फुलवाल्याच्या दुकानासमोर मी उभी राहिले आणि फुलं बघत असल्याचं नाटक केलं.

एकोणीस वर्षांची असताना मीही असे ठिपके काढले आहेत. आईला तेव्हा तापानं घेरलं होतं. डॉक्टरांनी आलेखाचा कागद दिला होता, तो मी पुठ्ठ्याला लावून पलंगाच्या पायाशी अडकवला होता. दर दोन तासांनी ताप घ्यायचा आणि चौकोनात ठिपका द्यायचा, ठिपके रेघेनं जोडायचे. घरात आम्ही दोघीच होतो. पाचव्या रात्री माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाहेर उजाडलं होतं, दूधवाल्याच्या बाटल्यांचा आवाज येत होता आणि कागदावर दोन चौकोन रिकामे होते. तेव्हा मला आईची आठवण आली नाही, डॉक्टरांची आली. ते नऊला येणार होते, आणि चार दिवस ते तोंड भरून म्हणत होते की मुलगी असावी तर अशी. मी आधीचे ठिपके पाहिले, ते हळूहळू खाली येत होते, म्हणून पुढचे दोनही तसेच खाली आणले. एक निळ्या पेनानं, एक काळ्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी काढलेले दिसतील. दुसरा तर मुद्दाम जरासा वर दिला, फार सरळ वाटू नये म्हणून. मग आईच्या कपाळाला हात लावला, आणि तो चटका मला अजून तळहातात जाणवतो. सहाचा ठिपका मी खरा दिला, तो कागदाच्या वरच्या टोकाला गेला. डॉक्टर म्हणाले, रात्री उतरत होता, पहाटे एकदम चढलाय, असं होतं कधीकधी, आणखी बारा तास बघू. संध्याकाळी तिला दवाखान्यात हलवलं. ती वाचली, पण दोन्ही कान गेले. पुढे बावीस वर्षं ती माझ्या ओठांकडे बघून बोलणं समजून घ्यायची. त्या दोन ठिपक्यांनी काही फरक पडला नसता असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलंच नाही. मलाही कुणी विचारलं नाही. एखाद्यानं तो पुठ्ठा हातात घेऊन नुसतं म्हटलं असतं, हे दोन ठिपके कधी काढलेस, तर मी तिथंच सांगून टाकलं असतं. निदान मला तसं वाटतं. तीस वर्षं मी त्या प्रश्नाची वाट पाहिली, आणि तो विचारण्याच्या धंद्यातच येऊन पडले.

नवरा वजनमापं तपासतो, दुकानादुकानांतले तराजू. जेवताना मी त्याला काकांबद्दल सांगितलं, आईबद्दल नाही. ते त्याला माहीत नाही, लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी नाही. तो म्हणाला, काटा खोटा निघाला तर आम्ही दुकानदाराला आधी विचारतो, कारण कधीकधी काट्यावर शिक्का आमचाच असतो. तो सहज म्हणाला आणि भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून काकांकडे गेले. पत्र पर्समध्ये होतं, शेवटी लिहिलं होतं, सही राहिली होती. पाचव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, दारात काकू. संस्थेतून आले म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. बक्षीसबिक्षीस आहे की काय, त्या म्हणाल्या. हा माणूस रात्री आकाशात आणि दिवसा त्या संगणकात, माझ्याकडे बघायचं तर मलाच ग्रहण लागावं लागेल. काका आतून हसत आले. इस्त्रीचा शर्ट, बोटाला अजून अंगुस्तान घालायची सवय. बाल्कनीत दुर्बीण होती, तिला त्यांनी स्वतः शिवलेला अभ्रा होता, सूटच म्हणा, आतून अस्तर लावलेला आणि भिंगाच्या टोपणासाठी वेगळा खिसा. म्हणजे दुर्बीण होती, चालू होती. माझी पहिली सबब तिथंच संपली.

मी थेट विचारायचं ठरवून गेले होते. थेट काही जमलं नाही. एकोणिसाव्या ताऱ्याची रात्र कशी गेली असं विचारलं, आणि त्यांनी आनंदानं एक वही काढली. शेजाऱ्यांची वही, ते म्हणाले. याचा उलगडा करायला हवा. ताऱ्याचा उजेड नुसता मोजून भागत नाही. हवेत धुरकट आलं की तारा मंद होतो आणि माणसाला वाटतं ग्रह आला. म्हणून त्याच फोटोतले आजूबाजूचे काही तारे घ्यायचे, त्यांना आम्ही शेजारी म्हणतो, आणि आपला तारा त्यांच्या तुलनेत मोजायचा. शेजारी निवडण्यावर सगळं असतं. काकांच्या वहीत त्या रात्रीचं पान भरलेलं होतं: एक, तीन, सात हे शेजारी घेतले, खळगा नाही. एक, चार, नऊ, नाही. चार, नऊ, अकरा, थोडासा, पण जागा चुकली. बारीक, सुंदर अक्षर. असे तीस प्रयत्न. एकतिसाव्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली होती.

"एकतिसाव्या खेपेला बसला," ते म्हणाले. "दोन दिवस लागले ताई, पण सोडलं नाही. तुमच्या पुस्तिकेत लिहिलंयच ना, पान चौदा."

पुस्तिका त्यांच्या हाताशीच होती, कडांना कापडाची पट्टी शिवलेली. पान चौदा, तिसरी ओळ: खळगा दिसत नसल्यास शेजारी बदलून पुन्हा पाहावे. ओळ माझी आहे. सहा वर्षांपूर्वीच्या एका दुपारी लिहिलेली, लोक हिरमुसून सोडून जाऊ नयेत म्हणून. मला म्हणायचं होतं, एखादा शेजारीच डळमळीत असेल तर तो बदला. ते मी लिहिलं नाही. दिसेपर्यंत बदलत राहा असं लिहिलं. अठरा शेजारी असले की त्यांचे हजारो मेळ होतात, त्यातला कुठला ना कुठला मेळ हव्या त्या जागी खळगा पाडतोच. ढगात हवा तो प्राणी दिसतो तसं. तीनशे माणसांना मी हे शिकवलं होतं. बसलेल्या जागी मला घाम फुटला, आणि काकू पंखा लावू का म्हणाल्या.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वेळ चुकीची होती, नऊ चाळीसला तिथं काही नव्हतं, आणि त्यांनी जे केलं ते करायचं नसतं, शेजारी आधी ठरवायचे आणि मग बदलायचे नाहीत, काही दिसो न दिसो. ते ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले. आमच्या धंद्यात, म्हणाले, गिऱ्हाईक माप देतं. माप दिलं की सूट बसलाच पाहिजे. नाही बसला तर दोष शिंप्याचा, मापाचा नव्हे, आणि मापाबद्दल गिऱ्हाइकाशी वाद घालणारा शिंपी दुकान बंद करून बसतो. हे त्यांनी बचाव म्हणून सांगितलं नाही, मला कळावं म्हणून सांगितलं. मग विचारलं, त्या रात्रीचे मूळ फोटो बघायचेत का. आणि त्यांनी पुढचेही फोटो काढून दाखवले. यादीतल्या वेळेनंतर तासभर थांबलं की पुरे असतं, पण तारा समोरच्या इमारतीमागे जाईपर्यंत त्यांना उठवत नसे, तीन वाजेपर्यंत ते बसले होते. ते पुढचे तास त्यांनी कापून वेगळे ठेवले होते, कारण ते जोडले की एकतिसावा मेळ बिघडत होता. त्या फोल्डरला त्यांनी 'चिंध्या' असं नाव दिलं होतं.

मी काही न बघता चार शेजारी ठरवले आणि सगळी रात्र एकसलग मोजायला लावली. काकांचा संगणक जुना, पाऊण तास गेला. काकूंनी चहा दिला, तो निवला, दुसरा दिला. मग ठिपके आले. नऊ चाळीसला सपाट. पुढे सपाट. बारा वाजायच्या सुमारास ठिपके खाली येऊ लागले, विस्कटलेले, काठ फाटल्यासारखा, आणि दोनच्या आसपास पुन्हा वर गेले. मध्य एकाला पाच कमी. मोठ्या वेधशाळेनं सांगितलेलं मिनिट. खरा खळगा काकांकडे होता, पूर्ण होता, आणि त्यांनी तो कापून टाकला होता. काका पडद्याजवळ झुकले. त्यांनी बोटानं तो खळगा या काठापासून त्या काठापर्यंत हळूच चाचपला.

"तुम्ही वेळ सांगितली नसती," ते म्हणाले, "तर मला हा दिसला असता."

आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं. पत्र मी रस्त्यावरच्या कचरापेटीत फाडून टाकलं, आणि तुकडे नीट आत गेले की नाही ते वाकून पाहिलं, एवढी मी भित्री.

संचालकबाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, एका माणसाच्या वहीवरून पुस्तिका दोषी ठरत नाही. बाकीच्यांनीही पान चौदा वाचलंय, त्यांनी हेच केलंय असं दाखव, तर दोष पुस्तिकेचा आणि मी सगळा निबंध थांबवते. नाही दाखवता आलं तर दोष त्यांचा. पंधरा दिवस. मग पत्र त्या पाठवतील. त्यांचं चुकत नव्हतं, म्हणूनच जास्त टोचलं. मी खोलीत येऊन यादी उघडली. एक शांत तारा निवडला, ग्रह असलेला, पण त्या आठवड्यात ज्याच्यासमोरून काहीही जाणार नव्हतं, हे मी तीनदा तपासलं, या वेळी शेवटच्या आकड्यापर्यंत. आणि त्याच्यापुढे लिहिलं: शनिवार, रात्री दहा वाजून दहा मिनिटे. आधीची वेळ मी आळसानं खोटी दिली होती, ही शुद्धीवर असताना दिली. काकांना ही यादी पाठवावी की नाही यावर माझी अख्खी दुपार गेली. न पाठवावी तर त्यांना वाटणार, आपल्याला काढलं. आणि त्यांना वगळलं तर बाई म्हणणार, नेमका त्यालाच का वाचवलास. शेवटी सगळ्यांबरोबर पाठवली. बटण दाबल्यावर मी हात मांडीखाली घेऊन बसले.

शनिवारी रात्री आकाश निरभ्र होतं, असं नवऱ्यानं सांगितलं. मी पडदे लावून घेतले होते. सोमवारपासून फायली यायला लागल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी चुकांची वाट बघत होते. सपाट ओळ आली की माझं तोंड उतरायचं. न्यायाधीशांची ओळ सपाट आली तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात शिवी दिली, बिचारे किती सचोटीनं बसले असतील. दंतवैद्याला खळगा दिसला आणि मला हायसं वाटलं. बसचालकाला दिसला. एका नर्सबाईला दिसला, 'अप्रतिम रात्र, धन्यवाद ताई' असं वर लिहून. ते धन्यवाद वाचून मी उठून हात धुऊन आले, हात स्वच्छच होते. तेराव्या दिवसापर्यंत एकशे सतरा जणांनी फायली पाठवल्या. एक्केचाळीस जणांना दहा दहाच्या आसपास खळगा दिसला होता, तिथं, जिथं काही नव्हतं. पान चौदा दोषी होतं. काका सुटले होते. मी हिशेब छापून बाईंच्या टेबलावर ठेवला, त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि निबंध थांबवायचा फोन माझ्यासमोरच केला. काकांचं नाव राहील, म्हणाल्या, पूर्ण नाव. मला रडू येत होतं, पण ते आनंदाचं होतं की कशाचं ते सांगता येणार नाही.

काकांची फाइल त्या संध्याकाळी आली, एकशे अठरावी. ती उघडायची गरज उरली नव्हती. तरी मी तिच्याकडे बघत राहिले, कारण वेळ मी सांगितली होती, आणि मी सांगितलेल्या मापाशी या माणसानं कधी वाद घातला नव्हता. उघडली. संध्याकाळपासून तारा मावळेपर्यंत, पाच तास, ठिपक्यांची एक सपाट ओळ. शेजारी चार, आधी ठरवलेले, बदललेले नाहीत. खाली लिहिलं होतं: वेळ तुमची होती, त्याप्रमाणे बसलो. काही दिसलं नाही. माझं कुठं चुकलं असेल तर कळवावे.

मी लगेच फोन लावला. किती चांगली बातमी आहे माझ्याकडे असं वाटत होतं. त्यांनी उचलला आणि मी बोलायच्या आधीच विचारलं, बाकीच्यांना दिसला का. मी म्हटलं, एक्केचाळीस जणांना दिसला. हे मला आधी सांगायचं नव्हतं, पण ते तोंडातून गेलं.

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "सगळे फोटो आहेत. आज पुन्हा बसवून बघतो."

"नका हो काका. तिथं काही नव्हतंच. वेळ खोटी होती."

"पुन्हा चुकली?"

"चुकली नाही. मी मुद्दाम दिली होती."

मग मी भराभर सांगत सुटले: पुस्तिका, बाई, पंधरा दिवस, तुमचं नाव वाचवायचं होतं, तुमचं काम कसं खरं निघालं, नाव पूर्ण छापणार आहेत. मागून काकू कुणाचा फोन आहे म्हणून विचारत होत्या. माझं सगळं सांगून संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे मी तिथं पाच तास बसलो होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. त्यांनी 'बरं ताई' असं म्हणून फोन ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला.

याला आता सात महिने झाले. पान चौदा मी नव्यानं लिहिलं, सगळ्यांची माफी मागितली, त्या एक्केचाळीस जणांपैकी नऊ सोडून गेले, बाकीचे राहिले. सहा वर्षांची निरीक्षणं आम्ही पहिल्यापासून मोजतो आहोत. निबंध निघेल तेव्हा त्यात काकांचं नाव असेल, पूर्ण, ते आता कुणी काढू शकत नाही. त्यांची फाइल मात्र त्यानंतर आलेली नाही. दोनदा फोन केला, काकूंनी घेतला, म्हणाल्या ते पुतण्याच्या दुकानात बसायला लागलेत, काज करून देतात. दर महिन्याला यादी त्यांनाही जाते. आता तिच्यातली प्रत्येक वेळ मी तीनदा तपासते आणि ती खरी असते, पण हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू.